बगळा नव्हे

शाळेत पाच संगणक होते,
म्हणजे पाच प्लास्टिकची झाकणं, आणि खाली धूळ.
कन्हाळटोल्याला बदलून आले त्या वर्षी
एक पुसून सुरू केला, तर पडद्यावर अक्षरं आली:
तुमची मुदत संपली आहे.
एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या बाईनं
सकाळी सकाळी असं काही वाचू नये.

नूतनीकरणाचा आकडा केंद्रप्रमुखांच्या कानावर घातला.
ते म्हणाले, मॅडम, आधी खिचडीची शेगडी तर येऊ द्या.
शेगडीही आली नाही, ते जाऊ द्या.

आला तो खेमराज पटले.
फाट्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
माझ्या वर्गात गणितात कायम काठावर पास.
रविवारी शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह, डोक्याला दुपट्टा.
लाइट दोनदा गेली. तिसऱ्यांदा टिकली तेवढ्यात
पाचपैकी चार उठून बसले.
पाचव्यात उंदरानं संसार मांडला होता.

याचे किती द्यायचे?
चहा पाजा.
अरे, याचे. लिनक्सचे.
याचे काही नाही, बाई. पण फुकट म्हणू नका,
मोकळं म्हणा.

मला फरक समजला नाही.
शाळेत फुकट बरंच येतं: तक्ते, दप्तरं, उपदेश.
मग कवलेटोल्याच्या गुरुजींनी तेच मागितलं,
पेनड्राइव्ह नेला, चार दिवसांनी परत केला,
आणि आमच्याकडे होतं तेवढंच राहिलं.
विरजण मागायला आलेल्या बाईला
आपण दही मोजून देत नाही. तेव्हा थोडं समजलं.

त्यात एक चित्रांचा खेळ होता, मराठीतला.
पाखरू दाबलं की कागदावर पाखरू उमटायचं, खाली नाव.
चौथीतली ममिता उईके, एरवी हजेरीलाही न बोलणारी,
पडद्याला बोट लावून म्हणाली,
बाई, हा बगरा नाई व्हय. सारस व्हय.
आमच्या बांदीत दोगंही येतेत.

पाठ्यपुस्तकात एक चूक आहे, पान एकेचाळीस.
दर जूनला मी ती लाल शाईनं खोडते,
जितकी पोरं तितक्या वेळा.
पुढच्या जूनला नवी पुस्तकं, तीच चूक.
कुणाला कळवायचं, हे पुस्तकावर कुठंच लिहिलेलं नाही.

खेळात कोपऱ्यात एक बटन होतं: चूक कळवा.
मला वाटलं, शोभेचं असेल, तक्रारपेटीसारखं.
तरी लिहिलं. नवव्या दिवशी उत्तर,
कुणी अनोळखी, गाव सांगितलं नाही, भाषा नीट:
दोघांत फरक काय, हे जरा सांगाल का?
मी ममिताला विचारलं. तिनं विचार केला,
पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली.
बगरा म्हशीवर बसते. सारस नाई बसत.
मी तसंच पाठवलं, एक अक्षर न बदलता.
एरवी मी पोरांची वाक्यं फार सुधारते.

मग धान कापून झालं, परीक्षा झाल्या,
ममिता पाचवीला देवरीच्या आश्रमशाळेत गेली.
जुलैत खेमराज नवीन आवृत्ती टाकून गेला.
मी सहज उघडलं. लाल मानेचं पाखरू,
खाली सारस.
वर्गात कुणी नव्हतं. मी बाकावरच बसले, पोरांच्या,
गुडघे अडकले.

शेवटी मदत करणाऱ्यांची यादी होती.
कुठकुठली नावं, निम्मी मला उच्चारता न येणारी,
आणि त्यांच्यामध्ये, एका ओळीत,
ममता उईके, कन्हाळटोला.

ममता.

पाऊस येईल असं वाटत होतं, लाइट जाईल असंही.
मी चष्मा पुसला,
कोपऱ्यातलं बटन पुन्हा दाबलं.